प्रतिध्वनीला माप लावणारा अभियंता

सोनोग्राफी हा शब्द आता मराठीच होऊन गेला आहे. तालुक्याच्या गावातही त्याची पाटी दिसते. हृदयाच्या अशाच तपासणीला आपण नुसते 'टू-डी इको' म्हणतो आणि समोरच्याला ते कळते. या शब्दांबरोबर डोळ्यांपुढे येते ते पडद्यावरचे करडे, हलते चित्र. चित्र म्हटले की आपण ते छायाचित्रासारखे समजतो. जे आहे तेच दिसले, असे धरून चालतो. प्रत्यक्षात त्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हे एक मोजमाप असते. इतक्या वेळाने, इतक्या जोराचा प्रतिध्वनी परत आला, एवढेच तो ठिपका सांगतो. यातली वेळ मोजणे त्या मानाने सोपे. जोर मोजणे मात्र फार अवघड. आणि रोगट ऊती ओळखायची तर हा जोरच विश्वासाचा असावा लागतो.

जॉन रीड या अमेरिकन अभियंत्याचे सारे संशोधन या अवघड भागाभोवती फिरत राहिले. १९५० साली ते विद्युत अभियांत्रिकीचे नवे पदवीधर होते. १९८०च्या दशकात ते फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. मधल्या तीस वर्षांत ही विद्याशाखाच त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. तरीही विज्ञान शिकवणाऱ्यांनी त्यांची कहाणी जरूर वाचावी, असे आम्हाला वाटते.

वेळ सोपी, जोर अवघड

आधी शाळेतल्या प्रतिध्वनीपासून सुरुवात करू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. टाळीचा प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायचा तर भिंत किमान १७ मीटर दूर हवी, हे आपण वर्गात सांगतो. कारण जाऊन-येऊन ३४ मीटर अंतराला एक दशांश सेकंद लागतो. शरीराच्या मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. म्हणजे एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. रडारसाठी विकसित झालेल्या मंडलांनी एवढा लहान काळ मोजणे दुसऱ्या महायुद्धानंतर अवघड राहिले नव्हते.

जोराचे तसे नाही. ध्वनी ऊतींतून जाताना क्षीण होत जातो, आणि वारंवारता जितकी जास्त तितका तो लवकर क्षीण होतो. १५ मेगाहर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी दोन सेंटिमीटर खोल जाऊन परत येईपर्यंत त्याची शक्ती साधारणपणे हजारांश भागावर येते. वारंवारता २ मेगाहर्ट्झ ठेवली, तर तेवढीच घट व्हायला सुमारे १५ सेंटिमीटरची खोली लागते. मग कमीच वारंवारता का वापरू नये? कारण वारंवारता कमी केली की तरंगलांबी वाढते. १५ मेगाहर्ट्झला ती सुमारे ०.१ मिलिमीटर असते, तर २ मेगाहर्ट्झला सुमारे पाऊण मिलिमीटर. बारीक रचना पाहायची तर खोल जाता येत नाही आणि खोल जायचे तर बारकावे हरवतात.

शिवाय परत आलेल्या प्रतिध्वनीचा जोर एकट्या ऊतीवर ठरत नाही. वाटेत किती क्षीणन झाले, ध्वनिशलाका पृष्ठभागावर सरळ पडली की तिरकी, पाठवणारा स्फटिक किती चांगला, ग्राहकयंत्राचे विवर्धन किती ठेवले, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून 'या गाठीतून जोरदार प्रतिध्वनी येतो' या वाक्याला एकट्याने फारसा अर्थ नाही. कशापेक्षा जोरदार, आणि कोणत्या यंत्राने मोजले तर, हे सांगावे लागते.

पाण्याच्या टाकीतले रडार

रीड या विषयात आले ते एका शल्यचिकित्सकामुळे. जॉन ज्युलियन वाइल्ड हे मूळचे इंग्लंडचे. महायुद्धानंतर ते अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात दाखल झाले. शस्त्रक्रियेनंतर किंवा अडथळ्यामुळे फुगलेल्या आतड्याच्या भिंतीची जाडी पोट न उघडता मोजता येईल का, असा प्रश्न त्यांना पडला होता. त्या काळी धातूच्या ओतकामातील भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीची यंत्रे वापरली जात. परंतु आतड्याची भिंत काही मिलिमीटरांचीच. त्यासाठी फार उच्च वारंवारता हवी होती.

तसे यंत्र मिनिॲपोलिसजवळच्या नौदलाच्या विमानतळावर सापडले. वैमानिकांना रडारचा पडदा वाचायला शिकवण्यासाठी युद्धकाळात बनवलेला तो एक सराव-संच होता. पाण्याच्या टाकीत भूप्रदेशाची छोटी प्रतिकृती ठेवायची आणि तिच्यावर १५ मेगाहर्ट्झचे ध्वनिस्पंद सोडायचे; पडद्यावर शत्रूप्रदेशावरून उडताना दिसेल तसे चित्र उमटायचे. यामागचे गणित विद्यार्थ्यांना करायला देण्याजोगे आहे. रडारलहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, पाण्यातील ध्वनीचा सुमारे दीड किलोमीटर. दोहोंचे गुणोत्तर दोन लाख. म्हणजे टाकीतला एक मीटर म्हणजे आकाशातून दिसणारे दोनशे किलोमीटर!

नौदलातील अभियंता डोनाल्ड नील यांच्या मदतीने वाइल्ड यांनी या संचावर आतड्याचे तुकडे तपासले. भिंतीचे थर वेगवेगळे ओळखता आले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अनपेक्षित निघाली. कर्करोगाने ग्रासलेल्या जठराच्या भिंतीतून येणारे प्रतिध्वनी निरोगी भागापेक्षा वेगळे होते. जाडी मोजायला निघालेल्या वाइल्ड यांच्या लक्षात आले, की प्रतिध्वनी ऊतीच्या जातीविषयीही काही सांगत असावा. १९५० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या कामाला आता पूर्णवेळ अभियंत्याची गरज होती. राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे अनुदान मिळाले आणि मिनेसोटा विद्यापीठातून नुकतेच पदवीधर झालेले जॉन रीड वाइल्ड यांच्याकडे कामाला लागले.

गाठ साधी की घातक?

वाइल्ड आणि रीड यांनी स्तनातील गाठींवर लक्ष केंद्रित केले. निवड व्यवहार्य होती. स्तनाची ऊती त्वचेलगत असते, त्यामुळे १५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीला दोनेक सेंटिमीटरपेक्षा खोल जावे लागत नाही. आणि गरजही मोठी होती. त्या काळी गाठ साधी की घातक, हे खात्रीने कळायला शस्त्रक्रियेने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला पर्याय नव्हता. साधी गाठ असलेल्या बाईलाही शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जावे लागे.

रीड यांनी बनवलेल्या पहिल्या यंत्रांत स्फटिक पाण्याने भरलेल्या लहानशा नळीत बसवलेला असे आणि नळीचे तोंड पातळ रबरी पडद्याने बंद केलेले असे. ते तोंड त्वचेवर टेकवले की पडद्यावर प्रतिध्वनींचा आलेख उमटे: आडव्या अक्षावर खोली, उभ्या अक्षावर जोर. गाठीवरचा आलेख आणि त्याच व्यक्तीच्या निरोगी ऊतीवरचा आलेख घ्यायचा, दोन्ही आलेखांखालचे क्षेत्रफळ मोजायचे आणि तुलना करायची, अशी पद्धत होती. त्यानंतर त्यांनी स्फटिक मोटरने मागेपुढे सरकवला आणि प्रतिध्वनीच्या जोराप्रमाणे ठिपक्याची उजळी कमीजास्त केली. आता आलेखाऐवजी ऊतीच्या उभ्या छेदाचे चित्र मिळू लागले. १९५२ साली 'सायन्स' या साप्ताहिकात या पद्धतीवरचा दोघांचा लेख आला. १९५३ मध्ये हातात धरून फिरवायच्या यंत्राने त्यांनी अवघ्या सात मिलिमीटरच्या कर्करोगाचे चित्र मिळवले.

घातक गाठीतून निरोगी ऊतीपेक्षा जास्त जोराचे प्रतिध्वनी येतात आणि साध्या गाठीतून कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज या निष्कर्षाकडे पाहिले की विचारात पडायला होते. कारण आजच्या सोनोग्राफीत स्तनातील बहुतेक कर्करोग आजूबाजूच्या ऊतीपेक्षा काळपट, म्हणजे कमी प्रतिध्वनी देणारे दिसतात. मग १९५२ चे मोजमाप खोटे होते का? तसे म्हणणे घाईचे होईल. वारंवारता, तुलनेसाठी घेतलेली ऊती, स्फटिकाची रचना, विवर्धन, आलेख वाचण्याची रीत हे सगळेच आजच्या यंत्रांपेक्षा वेगळे होते. एकाच गाठीबद्दल दोन यंत्रे दोन गोष्टी सांगू शकतात, कारण दोघांचे 'जास्त' आणि 'कमी' वेगवेगळ्या मापाने मोजलेले असते.

हीच या क्षेत्राची दुखरी नस होती. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळून पाहता येत नसेल, तर त्याच्या भरवशावर बाईला 'तुला शस्त्रक्रियेची गरज नाही' असे कोण सांगणार? रीड यांचे पुढचे काम पाहिले, की या प्रश्नाचे वजन लक्षात येते.

पुन्हा विद्यार्थी

१९५७ साली रीड यांनी मिनेसोटातून पदव्युत्तर पदवी घेतली आणि ते फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. तेथील मूर स्कूल हे विद्युत अभियांत्रिकीचे नामांकित केंद्र; एनिॲक हा प्रसिद्ध संगणक तिथेच बनला होता. तिथे हर्मन श्वान हे जर्मनीहून आलेले जैवभौतिकीतज्ज्ञ ऊतींचे विद्युत आणि ध्वनिविषयक गुणधर्म काटेकोरपणे मोजत होते. सात वर्षे रुग्णालयात यंत्रे बनवल्यावर रीड मोजमापाच्या या शाळेत दाखल झाले.

याच काळात त्यांनी हृदयाकडे मोर्चा वळवला. स्वीडनमधील लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकीतज्ज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली जिवंत हृदयाच्या हालचालींचे प्रतिध्वनी नोंदवले होते. सुरुवातीला त्यांनी जहाजबांधणी कारखान्यातून उसने आणलेले, धातूची परीक्षा करणारे यंत्र वापरले होते. त्यांच्या नोंदींत एक ठळक, नाचणारी रेषा दिसे. ती डाव्या कर्णिकेच्या भिंतीची असावी, असे एडलर यांना आधी वाटले. मृतदेहांवरील तपासणीनंतर ती मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीची असल्याचे त्यांनी दाखवून दिले. रेषा स्पष्ट होती, वेळेचे मोजमाप अचूक होते. ती कोणाची, हे मात्र यंत्र सांगू शकत नव्हते.

रीड यांनी हृदयासाठी स्वतःचे यंत्र बनवले आणि हृदयरोगतज्ज्ञ क्लॉड जॉयनर यांच्याबरोबर मायट्रल झडपेचा अभ्यास सुरू केला. स्पंद पाठवून हृदय तपासण्याचा अमेरिकेतील हा पहिला प्रयत्न मानला जातो. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला की काही वर्षांनी ही झडप जाड होते, तिच्या पाकळ्या चिकटतात आणि वाट अरुंद होते. हा विकार आपल्याकडे आजही संपलेला नाही. निरोगी झडप उघडल्यावर तिची पुढची पाकळी झटकन अर्धवट मिटते. नोंदीतला उतार सेकंदाला साधारण आठ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असतो. वाट फार अरुंद झाली, की हा उतार सेकंदाला एकदीड सेंटिमीटरवर येतो. १९६३ साली जॉयनर आणि रीड यांनी आपला अभ्यास सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया कोणाला हवी, हे ठरवताना छातीला सुई न टोचता मिळणारा हा आकडा मदतीला आला.

इथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. हा उतार म्हणजे जोराचे नव्हे, वेळेचे आणि अंतराचे मोजमाप होते. म्हणूनच तो एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता आला. लुंडमध्ये जे दिसले ते फिलाडेल्फियात पडताळता आले. पुढे १९७०च्या दशकात कळले, की हृदयाचे स्नायू ताठर झाले तरी हा उतार कमी होतो. म्हणून झडपेच्या तोंडाचे क्षेत्रफळ छेदचित्रावर थेट मोजण्याची रीत आली. चांगला आकडासुद्धा नेमके काय मोजतो, हे पुन्हापुन्हा विचारावे लागते.

रीड यांना पीएच.डी. मिळाली ती १९६५ साली. पदवी आणि पीएच.डी. यांत पंधरा वर्षांचे अंतर होते, पण ती पंधरा वर्षे याच विषयात गेली होती.

रक्ताचा आवाज

त्यानंतर रीड सिॲटलला गेले. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट रश्मर यांच्या गटात डोनाल्ड बेकर हे अभियंते डॉप्लर परिणामाने रक्ताचा वेग मोजत होते. आगगाडी जवळ येताना शिटीचा सूर चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो, हा तो परिणाम. रक्तातील तांबड्या पेशी ध्वनी परत पाठवतात आणि त्या हलत असल्याने परत आलेल्या ध्वनीची वारंवारता बदलते. ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी, सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाचे रक्त आणि दोहोंमध्ये ६० अंशांचा कोन असेल, तर हा बदल सुमारे १,६०० हर्ट्झ येतो. म्हणजे तो कानाने ऐकता येतो! ध्वनी मुळात श्राव्यातीत, पण त्यातला फरक मात्र श्राव्य.

सिॲटलमध्येच डॉक्टर मेरिल स्पेन्सर यांच्याबरोबर रीड यांनी १९७२ साली 'सायन्स'मध्ये एक पद्धत मांडली. मानेवर स्फटिक फिरवायचा. जिथे हलत्या रक्ताचा संकेत मिळेल तिथे पडद्यावर ठिपका ठेवायचा. ठिपक्यांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीचा नकाशा तयार होई. ही धमनी अरुंद झाली तर पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि ती पाहायची तर तोवर रक्तवाहिनीत औषध टोचून क्ष-किरण चित्र काढावे लागे. नळाच्या तोंडावर बोट धरले की पाणी जोरात उडते. तसेच अरुंद जागी रक्ताचा वेग वाढतो आणि डॉप्लरचा सूर चढतो. किती अरुंद म्हणजे किती चढा सूर, याचे नाते स्पेन्सर आणि रीड यांनी १९७९ मध्ये आलेखाच्या रूपात दिले. वाट जवळजवळ बंद झाली, की प्रवाहच आटतो आणि वेग पुन्हा उतरतो, हेही त्या आलेखात होते. दरम्यान १९७४ साली बार्बर, बेकर, स्ट्रँडनेस आणि इतर सहकाऱ्यांबरोबर रीड यांनी छेदचित्र आणि डॉप्लर यांची जोडी एकाच यंत्रात बसवण्याचे काम प्रसिद्ध केले. धमनी दिसतेही आहे आणि तिच्यातल्या ठरावीक जागेचा वेगही कळतो आहे, हे तेव्हापासून शक्य झाले.

खोट्या काट्यावर खरे वजन

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. जोर विश्वासाने कसा मोजायचा? १९७३ साली रुबेन्स सिगेलमन आणि रीड यांनी याचे जे उत्तर दिले, ते समजायला एक जुना शालेय प्रयोग उपयोगी पडतो.

समजा, आपल्याजवळचा तराजू खोटा आहे. त्याच्या दोन भुजा सारख्या लांबीच्या नाहीत. तरीही त्यावर खरे वजन करता येते. एका पारड्यात वस्तू ठेवा, दुसऱ्यात वाळू घालून काटा मध्ये आणा. मग वस्तू काढून तिच्याच जागी प्रमाणित वजने ठेवत जा, काटा पुन्हा मध्ये येईपर्यंत. ती वजने म्हणजे वस्तूचे खरे वजन. तराजूचा खोटेपणा दोन्ही वेळा सारखाच होता, म्हणून तो निघून गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्दा यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

सिगेलमन आणि रीड यांनी ध्वनीसाठी हेच केले. आधी नमुन्याकडून आलेला प्रतिध्वनी मोजायचा. नंतर त्याच अंतरावर, त्याच यंत्राने, यंत्राची मांडणी न बदलता, ध्वनी जवळजवळ पूर्ण परत पाठवणाऱ्या सपाट पृष्ठभागाचा प्रतिध्वनी मोजायचा. दोहोंचे गुणोत्तर घेतले, की स्फटिकाचे आणि विवर्धकाचे गुणदोष छेदले जातात. शलाकेची रुंदी, नमुन्याचे आकारमान आणि क्षीणन यांचा हिशेब गणिताने करायचा. उरतो तो निव्वळ ऊतीचा गुणधर्म: तिचा एवढा भाग ध्वनीला मागे किती विकिरतो. हा आकडा सिॲटलमध्ये मोजा की मुंबईत, सारखा यायला हवा.

या पद्धतीची कसोटी पाहायला त्यांनी रक्त निवडले. रक्त हा वरवर साधा नमुना. तांबडी पेशी सुमारे आठ मायक्रोमीटरची. ५ मेगाहर्ट्झच्या तरंगलांबीच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकीच. तरंगलांबीपेक्षा फार लहान कण वारंवारतेच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात विकिरण करतात, हा रॅले यांचा नियम आपण आकाश निळे का, हे सांगताना वापरतो. वारंवारता दुप्पट केली तर रक्तातून सोळापट विकिरण अपेक्षित. कर्क शुंग या तैवानहून आलेल्या विद्यार्थ्याने सिगेलमन आणि रीड यांच्याबरोबर हे प्रयोग केले आणि १९७६ साली तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्यात एक गमतीची बाब पुढे आली. तांबड्या पेशींचे प्रमाण वाढवत नेले तर प्रतिध्वनी वाढत जावा, अशी आपली अपेक्षा असते. सुरुवातीला तसे होतेही. पण एका मर्यादेनंतर पेशी वाढवल्या की प्रतिध्वनी उलट कमी होतो! याचे उत्तर धुक्यात आहे. धुक्यात पाणी थोडेसेच असते, तरी ते पांढरे आणि अपारदर्शक दिसते. भांड्यातले पाणी कितीतरी जास्त, पण पारदर्शक. विकिरण कणांच्या संख्येवर तेवढे नाही, जेवढे त्यांच्या विस्कळीतपणावर अवलंबून असते. पेशी दाटीने, जवळजवळ एकसारख्या अंतराने बसल्या, की त्यांचे तरंग एकमेकांना खोडून काढतात.

१९५०च्या दशकात 'जोरदार प्रतिध्वनी म्हणजे जास्त दाट ऊती' असे सहज मनात येई. रक्ताने दाखवून दिले की तसे नाही. प्रतिध्वनीचा जोर ऊतीच्या रचनेविषयी, तिच्यातील कणांच्या मांडणीविषयी बोलतो. ते बोलणे कळायचे, तर आधी आकडा शुद्ध करावा लागतो.

दुसऱ्या क्रमांकाचे नाव

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रीड फिलाडेल्फियाला परतले, ड्रेक्सेल विद्यापीठात कॅल्हून अध्यासनाचे प्राध्यापक म्हणून. शुंग पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात आणि पुढे २००२ पासून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. ऊतींतील विकिरणावर त्यांनी सहसंपादित केलेला ग्रंथ १९९३ मध्ये आला, आणि निदानासाठीच्या श्राव्यातीत ध्वनीवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक पुढे जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या वर्गांपर्यंत गेले. रीड स्वतः शिकू लागले तेव्हा या विषयाला ना पाठ्यपुस्तक होते, ना विभाग, ना त्या नावाची पदवी. एका पिढीत हे सगळे तयार झाले.

या साऱ्या निबंधांच्या लेखकनावांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. वाइल्ड आणि रीड, जॉयनर आणि रीड, सिगेलमन आणि रीड, स्पेन्सर आणि रीड. १९७२ चा लेख सोडला तर रीड यांचे नाव बहुधा दुसरे किंवा शेवटचे. रुग्णाचा प्रश्न डॉक्टर आणत, यंत्र आणि माप अभियंता देई, आणि पुढे विद्यार्थ्याचे नाव पहिले लागे. १९९१ चा जपान पारितोषिकाचा मान वैद्यकीय प्रतिमाशास्त्रासाठी वाइल्ड यांना मिळाला. प्रश्न विचारण्याचे धाडस त्यांचेच होते, त्यामुळे तो योग्यच होता. पण त्या प्रश्नाचे उत्तर तपासून पाहण्याजोगे व्हावे, यासाठी झालेल्या कामाला पारितोषिके क्वचितच मिळतात.

त्या कामाचे फळ हळूहळू आले. १९९० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील याओ, झॅगझेब्स्की आणि मॅडसन यांनी सपाट पृष्ठभागाऐवजी ज्याचे गुणधर्म आधीच मोजलेले आहेत असा ऊतीसारखा कृत्रिम नमुना वापरण्याची पद्धत दिली. त्यामुळे नेहमीच्या सोनोग्राफी यंत्रावरही अशी मोजणी करता येऊ लागली. यकृतात चरबी किती साठली आहे, हे सुई न घालता आकड्यात सांगण्यासाठी अलीकडे ज्या पद्धती वापरात येत आहेत, त्यांपैकी काही याच वाटेने आल्या आहेत. दुसरीकडे, रोजच्या अहवालात आजही 'आजूबाजूच्या ऊतीपेक्षा जास्त' किंवा 'कमी' प्रतिध्वनी, असेच तुलनेचे शब्द असतात. ते वाचणाऱ्या तज्ज्ञाचा अनुभव अजून आकड्याच्या बरोबरीने लागतो.

वर्गासाठी या कहाणीतून दोन प्रयोग सहज घेता येतील. एक, वर सांगितलेला खोट्या तराजूचा. लाकडी पट्टी मुद्दाम मध्यबिंदूपासून जरा बाजूला टांगून तराजू बनवावा आणि त्यावर खरे वजन काढायला मुलांना सांगावे. दुसरा दुधाचा. पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात थेंबथेंब दूध घालत जावे आणि अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत बाजूने टाकून विकिरण कसे वाढते ते पाहावे. झोताच्या बाजूने पाहिले तर पाणी किंचित निळसर आणि समोरून पाहिले तर झोत तांबूस दिसतो. लहान कण जास्त वारंवारतेचे विकिरण अधिक करतात, हे यातून डोळ्यांना दिसते. मग मुलांना विचारावे: झोत किती उजळ दिसतो, हे दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पत्राने कळवायचे असेल, तर काय काय लिहावे लागेल? बॅटरी कोणती, सेल किती जुने, पेला केवढा, डोळा कुठे होता, ही यादी मुले स्वतःच करू लागतील. आणि तुलनेसाठी बाजूला ठेवायला दोन्ही शाळांत सारखी मिळेल अशी एखादी वस्तू हवी, हेही त्यांच्यातलेच कोणीतरी सुचवील.